शिकायला पाठवलं की फिरायला?

(गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढला. बोलताना जे राहून गेलं ते घातलं, आणि बोलताना जे जास्त झालं ते गाळलं.)



सचिवांनी मला आधीच बजावलं आहे की, ‘काका, सोसायटीचा हिशेब सांगू नका. पाण्याची टाकी, लिफ्ट, थकबाकी हे विषय वार्षिक सभेत होतात. पंचवीस वर्षं झाली आहेत, काहीतरी वेगळं बोला.’ बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘हिशेब सोडून बोला’ म्हणजे मोठीच शिक्षा. तरी प्रयत्न करतो. पण मधेमधे आकडे आलेच तर सांभाळून घ्या.

ही सोसायटी झाली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची मुलं शाळेत होती. कोणाचा मुलगा नागपूरला कॉलेजात गेला तरी आई बसस्टँडपर्यंत पोचवायला जायची आणि डोळे पुसत परत यायची. आज आपल्याच पाच-सात घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे. माझी नात जर्मनीत आहे, हे तुम्हाला माहीत आहे, कारण आमची ही ते लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगते. २०२३ च्या ऑक्टोबरात ती आखेन नावाच्या गावी एम.एस. करायला गेली. आज बोलायचं आहे ते तिच्या शिकण्याबद्दल नाही, तिच्या फिरण्याबद्दल. कारण त्या फिरण्यावरून आमच्या घरात भांडण झालं, आणि ते भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणारच. आपल्या भिंती मला माहीत आहेत.

पण आधी २००४ सालची एक गोष्ट सांगतो.

तेव्हा मी शाखेत कर्ज विभाग बघायचो. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना २००१ मध्ये आली होती. परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत कर्ज, पंधरा टक्के रक्कम स्वतःची, चार लाखांच्या वर गेलं की जामीन किंवा तारण. लाखनीकडचा एक मुलगा आला. वडिलांची धानाची शेती, थोडीशीच. मुलगा इंजिनिअर, इंग्लंडला एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी प्रवेश मिळालेला. त्याने खर्चाचं अंदाजपत्रक आणलं होतं, सुंदर अक्षरात, शाळेतल्या वहीच्या पानावर. फी, राहणं, जेवण, विमान, पुस्तकं. आणि सगळ्यात खाली एक ओळ : ‘युरोप पाहणे – ६०,०००.’

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘सर, एवढ्या लांब जाऊन राहिलो, तर पॅरिस, रोम पाहून येईन म्हणतो.’ मी लाल पेन काढला आणि ती ओळ खोडली. वर म्हणालोही, ‘बँक सहलीला कर्ज देत नाही बाबा.’ शेजारचे दोघे हसले. मुलगाही हसला.

नियमानं मी चुकलो नव्हतो, हे आजही सांगतो. योजनेत अभ्यास दौऱ्याला कर्ज होतं, पण तो अभ्यासक्रम पूर्ण करायला लागत असेल तरच. पॅरिस पाहिल्याशिवाय त्याची डिग्री अडणार नव्हती. कर्ज मंजूर झालं, तो गेला, वर्षानं आला, पुण्यात नोकरीला लागला आणि मुदतीच्या आत सगळं कर्ज फेडलं. खातं बंद करायला आला तेव्हा पेढे घेऊन आला. माझी निवृत्ती जवळ आली होती. मी सहज विचारलं, ‘मग, युरोप पाहिला का नाही?’

तो म्हणाला, ‘नाही सर. लंडनहून पॅरिस रेल्वेनं पावणेतीन तास. पण त्याचा व्हिसा वेगळा, तिकीट वेगळं, आणि हप्ता डोळ्यांसमोर. विमानतळ, खोली, कॉलेज आणि एका दुकानातली नोकरी, एवढंच पाहिलं. आता मुलं झाली, आई-बाबा थकले. तुम्ही खोडलं ते बरोबरच होतं.’

त्यानं तक्रार केली असती तर मी नियम दाखवला असता. ‘बरोबरच होतं’ म्हणाला, त्यामुळे माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. पेढा घेतला आणि सही केली.

आता आमच्या घरचं भांडण.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, सेमिस्टरचं शुल्क तेवढं असतं. पण विद्यार्थ्याला वर्षभर राहण्याचे पैसे आधीच एका खात्यात गोठवून ठेवावे लागतात. ती गेली तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती. त्यातले महिन्याला ९३४ युरोच काढता येतात. (बँकवाला म्हणून मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे लग्नाच्या खर्चाला अशी सोय हवी होती.) त्यासाठी, तिकिटासाठी आणि सुरुवातीच्या सामानासाठी मुलानं कर्ज काढलं. सहकर्जदार तो, हमी माझी. ती आठवड्यातले काही तास विद्यापीठातच एका विभागात मदतनीस म्हणून काम करते. तिचं फिरणं त्या पैशातून.

पण बापाला ते दिसत नाही. बापाला मोबाईलवर फोटो दिसतो. आज हॉलंड, परवा बेल्जियम, मग पॅरिस. आणि यंदाच्या मार्चमध्ये पोलंड. मुलगा माझ्याकडे आला : ‘बाबा, तुम्ही सांगा तिला. आपण शिकायला पाठवलं की फिरायला? इकडं मी व्याज भरून राहिलो अन् ती वॉर्सात फोटो काढते.’ आमच्या हिचा मुद्दा वेगळा होता : ‘रातच्या बसनं एकटी काहून जाते ती?’ मी हिला आठवण दिली की हीच पोरगी पुण्याला कॉलेजात होती तेव्हा चार वर्षं रातच्या ट्रॅव्हल्सनंच जात-येत होती. ही म्हणाली, ‘ते पुणं होतं.’

मी फोन लावला आणि तिला एवढंच म्हणालो, ‘हिशेब पाठव.’

तिनं पाठवला. वॉर्साची सहल, चार दिवस. कोलोनहून बसनं जाणं-येणं ७८ युरो, जवळपास वीस तासांचा एकेरी प्रवास. होस्टेल, मुलींच्या आठ खाटांच्या खोलीत तीन रात्री, ५१. खाणं ३२. इतर १२. एकूण १७३ युरो, म्हणजे त्या वेळच्या दरानं सोळा हजार रुपये. खाण्याच्या रकान्यात तळटीप होती : ‘ब्रेड तिथला, जवसाची चटणी आजीची.’

त्याआधीच्या पॅरिसच्या हिशेबात लूव्र संग्रहालयासमोर शून्य होतं. मला वाटलं, लिहायचं राहिलं. तर युरोपात राहण्याचा परवाना असलेल्या सव्वीस वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश मोफत. आणि त्याच जर्मन परवान्यावर शेंगेन करारातल्या इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. लाखनीच्या त्या मुलाला इंग्लंडहून जे अवघड होतं ते हिला नुसतं कार्ड खिशात ठेवून जमतं. या गोष्टी मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळल्या.

आणि वॉर्सात ती का गेली होती? तिथे एक स्मारक आहे, त्यावर कोल्हापूरचं नाव आहे. हो, आपलं कोल्हापूर. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. त्यांनी ती आठवण राजधानीत कोरून ठेवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले तेव्हा बातमी आली होती, ती हिच्या लक्षात राहिली. तिनं स्मारकासमोरून फोन केला तेव्हा एक म्हातारे पोलिश गृहस्थ तिथे फुलं ठेवत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, हिला पोलिश येत नव्हतं. त्यांनी हिच्याकडे बघून विचारलं, ‘इंडिया?’ ही म्हणाली, ‘महाराष्ट्र.’ मग ते कितीतरी वेळ हिचा हात हातात धरून उभे राहिले. भंडाऱ्यापासून कोल्हापूर किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझी नात कोल्हापूरला कधी गेलेलीच नाही. तेवढ्यापुरती ती कोल्हापूरची झाली.

हे ऐकून मी पाघळलो, हे कबूल करतो. मुलाला म्हणालो, हिशेब चोख आहे, पैसे तिचे आहेत, तू गप्प बस.

आणि महिन्यानं निकाल आला. एका विषयात नापास.

मुलगा काही बोलला नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट. आपल्याकडे आधी परीक्षा, मग सुट्टी. तिकडं वर्ग फेब्रुवारीत संपतात, आणि मग एप्रिलपर्यंतच्या ‘सुट्टी’तच एकेक पेपर पसरलेले असतात. ही दोन पेपरांच्या मधे वॉर्साला गेली होती. दुसरा पेपर गेला. ती म्हणाली, पेपरच अवघड होता, अर्धा वर्ग नापास आहे. असेल. पण चार दिवस आणि चाळीस तासांची बस याचा काहीच संबंध नाही, असं ज्यानं आयुष्यभर ताळेबंद तपासले तो कसा मानणार? मी पहिल्यांदाच तिला बोललो, आणि बऱ्यापैकी बोललो. ती रडली. दोन आठवडे फोन नाही. हिनं माझ्याशी बोलणं सोडलं ते वेगळं.

या दोन आठवड्यांत मी तिच्या हिशेबाचे जुने कागद पुन्हा काढून बसलो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय! आणि त्यात मला अशी एक नोंद दिसली जी मी आधी नीट वाचलीच नव्हती, कारण तिच्यासमोर रक्कम जवळजवळ नव्हती. ‘श्टोलबर्ग – प्रवास ०, संग्रहालय थोडे, कॉफी १.’

ही श्टोलबर्गची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती खरं तर आपली, भंडाऱ्याची आहे.

आखेनच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरच्या शुल्कातच रेल्वे-बसचा पास मिळतो. जलद गाड्या सोडून साध्या गाड्यांनी जर्मनीभर फिरता येतं. श्टोलबर्ग आखेनपासून दहाएक किलोमीटर, म्हणजे आपलं वरठी स्टेशन समजा. ही तिथे गेली ती एका रविवारी, कंटाळा आला म्हणून. आणि तिथे तिला काय सापडलं? पितळ.

सोळाव्या-सतराव्या शतकात हे गाव युरोपातलं पितळेचं मोठं केंद्र होतं. आखेनमधले पितळेचे कारागीर, त्यातले बरेच प्रोटेस्टंट पंथाचे, धर्माच्या भांडणात तिथून निघाले आणि या दरीत येऊन वसले. इथं त्यांना तीन गोष्टी मिळाल्या. भट्टीला जंगल, हातोडे चालवायला वाहता ओढा आणि जमिनीत जस्ताचं खनिज. तेव्हा युरोपात धातूरूपातलं जस्त वेगळं काढायची विद्या रुळलेली नव्हती, म्हणून ते लोक तांब्याबरोबर जस्ताचं खनिज आणि कोळसा मुशीत घालून तापवायचे आणि पितळ करायचे. (आपल्याकडे राजस्थानात जावरला जस्त वेगळं काढण्याची भट्टी त्याच्या कितीतरी शतकं आधी चालत होती. हे नातीनंच मला सांगितलं. ती धातुशास्त्राचीच विद्यार्थिनी आहे.) कारागिरांचे मोठे दगडी वाडे अजून उभे आहेत. भिंत किल्ल्यासारखी, आत एकाच आवारात घर, भट्टी, माल ठेवायची कोठी. तिनं फोटोखाली लिहिलं होतं : ‘आबा, हे तर आपल्याकडचंच.’

तुम्हा जुन्या लोकांना आठवत असेल. एके काळी आपल्या काही गल्ल्यांतून जाताना कानात बोट घालावं लागायचं, इतकी ठोकाठोक. गुंड, घागरी, गंज, पराती. मोड विकत घ्यायची, वितळवायची, पत्रा काढायचा, ठोकायचा. पितळेचं शहर म्हणून आपली ओळख तिथून आली. मी या कारखान्यांच्या कॅश क्रेडिटची खाती सांभाळली आहेत. दर महिन्याला मालाची तपासणी करायला जायचो तेव्हा चहा व्हायचा, आणि निघताना एखादा लहान गडू हातात कोंबायचे, तो मी परत ठेवायचो. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं. लग्नात पितळेची भांडी द्यायची पद्धत गेली. आम्ही मर्यादा कमी करत गेलो, मग खाती बंद करत गेलो. प्रत्येक खातं बंद करताना कागद बरोबर होते. लाल पेन तेव्हाही माझ्याच हातात होता.

तर हे फोटो घेऊन मी एका जुन्या कारखानदाराकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकायला कमी येतं, आयुष्यभराच्या ठोकाठोकीनं. मोबाईल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. पाण्यावर चालणाऱ्या हातोड्याचं चित्र त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. म्हणाले, ‘आपल्याकडे हे हातावर होतं.’ मग म्हणाले, ‘त्यायचं काय झालं?’ मी सांगितलं, तेही बंद झालं, केव्हाच. त्यांनी मान हलवली. आणि मग जो प्रश्न विचारला तो मला कर्ज विभागात इतकी वर्षं बसून एकदाही सुचला नव्हता.

‘मंग त्यायच्या पोट्ट्यायनं काय केलं?’

मला माहीत नव्हतं. दोन आठवड्यांचा अबोला मी मोडला आणि नातीला फोन करून तोच प्रश्न विचारला. आधी ती गप्प. मग म्हणाली, ‘थांबा, जाऊन विचारते.’ ती पुढच्या रविवारी परत श्टोलबर्गला गेली. तिथे जुन्या जस्ताच्या कारखान्याच्या जागेत उद्योगांचं संग्रहालय आहे. तिथल्या बाईंना तिनं तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं. उत्तर मिळालं ते असं : पितळ मागे पडलं तेव्हा त्याच दरीत, त्याच पाण्यावर, त्याच धातूच्या माहितीवर जस्त, टाचण्या-सुया, काच, पुढे औषधं, असे दुसरे उद्योग उभे राहिले. सगळं एका रात्रीत नाही आणि सगळ्यांचं भलंही झालं नाही. पण धातू ओळखणारा माणूस धातूच्या आसपासच राहिला, कारण गावात दुसरं काहीतरी होतं.

आपल्याकडे तुमसरला मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. धातू आपल्याभोवती कमी नाही. पण पितळ ठोकणाऱ्याचा मुलगा तिथवर किती पोचला आणि नागपूर-पुण्याला सुरक्षा रक्षक म्हणून किती गेला, हे तुम्ही आपापल्या ओळखीतून मोजा. मी उत्तर घेऊन त्या कारखानदारांकडे गेलो. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, ‘पोरीनं चांगलं विचारून आणलं.’ एवढंच. त्यांचा स्वतःचा मुलगा विमा एजंट आहे.

आता नातीनं ठरवलं आहे की तिचा शेवटचा प्रबंध टाकाऊ पितळेच्या पुनर्वापरावर करायचा. मोडीतून शिसं वेगळं कसं काढायचं वगैरे. प्राध्यापकांनी अजून होकार दिलेला नाही. मिळेल किंवा नाही मिळणार. पण शून्य युरोच्या सहलीतून विषय आला, हे मी मुलाला आवर्जून सांगितलं.

आमच्यासारख्या बँकवाल्याला तिच्या फिरण्यातून आणखी दोन गोष्टी मिळाल्या. थोडक्यात सांगतो, अध्यक्ष घड्याळ बघत आहेत.

एक मास्ट्रिक्ट. आखेनहून बसनं तासाभराच्या आसपास, पण देश दुसरा, हॉलंड. हद्दीवर चेकनाका नाही, ट्रकची रांग नाही, भाषा बदलली म्हणून कळतं. १९९२ च्या फेब्रुवारीत जो करार होऊन पुढे युरो आला, तो याच गावात झाला. ज्या वर्षी १ जानेवारीला युरोच्या नोटा लोकांच्या हातात आल्या, त्या २००२ साली आमच्या शाखेत परकीय चलनाचं परिपत्रक आलं होतं आणि कुणीही ते वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं. तिथला फोटो पाहून मला जो आनंद झाला तो आमच्या घरात दुसऱ्या कोणाला समजला नाही.

दुसरं बॉन. हे मी स्वतः सांगून तिला पाठवलं. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते आणि पराभूत झाले, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच बाबासाहेबांनी लंडनला शिकत असताना बॉन विद्यापीठातही अर्थशास्त्रासाठी नाव घातलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं लंडनचं शिक्षण कसं झालं ते आठवा. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट सोडून परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा गेले. अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसले. असा माणूस बॉनला मौजेसाठी गेला नसणार. आणि तो प्रबंध कशावर? रुपयावर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या वर्षी त्यांना रुपयावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. चलन बुडतं म्हणजे काय होतं याचं याहून मोठं उदाहरण बँकेच्या कोणत्याही परीक्षेत मला मिळालं नाही.

नातीनं बॉनला जाऊन विद्यापीठाच्या जुन्या राजवाड्यासमोरच्या हिरवळीवरून मला व्हिडिओ कॉल केला. पाऊस पडत होता, काही दिसलं नाही, एक पिवळी भिंत दिसली. तिनं आणखी एक सांगितलं : याच बॉनमध्ये श्लेगेल नावाच्या प्राध्यापकानं १८२३ मध्ये भगवद्‌गीता देवनागरी टाइपात छापली, सोबत लॅटिन भाषांतर. बरोबर शंभर वर्षांचं अंतर. मी हे सांगितलं तेव्हा आमच्या हिनं पहिल्यांदाच विचारलं, ‘मग तिथं अजून काय काय आहे?’

आता निकालाचं. ज्या विषयात ती नापास झाली होती त्याची फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये झाली, आणि गेल्या आठवड्यात निकाल आला. पास झाली. या वेळी पेपर होईपर्यंत आखेनच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, पासवर मोफत होतं तरी. हे तिनंच ठरवलं, मी नाही. मुलानं फोनवर फक्त ‘बरं झालं’ म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, हे मला त्याच्या शिपायाकडून कळलं.

पुढची सहल तिला लंडनची करायची आहे. तिथे किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात बाबासाहेब राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. पण इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे व्हिसा वेगळा, त्याची फी सव्वाशे पौंडांच्या वर, शिवाय प्रवास. आजवरच्या तिच्या सहलींमध्ये ही सगळ्यात महाग. अंदाजपत्रक परवा व्हॉट्सअॅपवर आलं आहे. तिच्या वडिलांनाही पाठवलं आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. मी मधे पडलेलो नाही. तारखा तेवढ्या तपासल्या : पुढच्या पेपरच्या पाच आठवडे आधी परत.

लाखनीच्या त्या मुलाचा नंबर माझ्याकडे अजून आहे. तो आता पुण्यातच चांगल्या हुद्द्यावर आहे. हे भाषण लिहायच्या आधी त्याला फोन केला आणि विचारलं, तुमची गोष्ट नाव न घेता सांगू का? तो हसला. म्हणाला, ‘सांगा सर. माझी मोठी मुलगी बारावीत आहे.’

शेवटी एक सूचना, भाषणाचा भाग नाही. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी बाहेर जाणार आहेत त्यांनी कर्जाचे कागद आणि खर्चाचा अंदाज घेऊन रविवारी सकाळी गेटजवळच्या बाकावर यावं. दहा ते बारा मी तिथेच असतो. फी, राहणं, तिकीट, सगळं लिहून आणा. आणि खालची ओळही लिहा, ती आपण शेवटी बघू.